एकसष्ट पायऱ्या

गुरुवारी रात्री आठला, कुताइसीत,
रिओनीच्या पुलापासून दुसऱ्या गल्लीत
मी रीळ चढवते.
एकशे बारा खुर्च्या, त्यातल्या नऊ मोडक्या,
तिकीट एका पावाच्या किमतीचं.
पूर्वी सात माणसं यायची,
त्यातली दोन उबेसाठी.

या हिवाळ्यात पोरं यायला लागली.
ओल्या बुटांची, कानात बोळे घातलेली,
अख्ख्या जगाचा सिनेमा खिशात घेऊन फिरणारी.
मला वाटलं, टिंगल करायला आलीत.
आणि हसलीच आधी:
नायिकेच्या कोरलेल्या भुवयांना,
नायकाच्या शपथांना,
कुणी नुसतं दार उघडलं तरी रडू लागणाऱ्या व्हायोलिनला.
मीही हसते तिथे. चाळीस वर्षं हसतेय.

मग जिना आला.

काही घडत नाही त्या जिन्यात.
एक बाई चौथ्या मजल्यावरून खाली येते, एवढंच.
हातात पत्र. पाकीट फोडलेलं आहे की नाही, कळत नाही.
आजचा कुणी असता तर
दार, आणि लगेच रस्ता.
पण त्या माणसाला, देव जाणे कुठली उसंत होती,
तिला एकेक पायरी उतरू द्यायची होती.
एकसष्ट. मी मोजल्यात.
दुसऱ्या मजल्यावर ती थांबते,
कठड्याला धरून बुटातला खडा काढते,
खडा बघते,
टाकते,
आणि पुन्हा उतरू लागते.

अंधारात एकेका फोनचा उजेड
मावळत गेला.

औषधांच्या दुकानात काम करणारी तेकला
नंतर वर माझ्या खोलीत आली.
म्हणाली, माझ्यासाठी कुणी इतका वेळ थांबलेलं नाही.
मी म्हटलं, अगं, तो कॅमेरा आहे.
असू दे, म्हणाली.

ओतिया येतो तो चार सेकंदांसाठी.
बाजाराच्या दृश्यात डावीकडून एक पोरगा जातो,
काखेत टरबूज,
कॅमेऱ्याकडे बघायचं नाही अशी सक्त ताकीद,
आणि बघतोच.
तोच हा. आता ब्याऐंशीचा.
टरबुजाचे पैसे कुणी दिले नाहीत,
ही तक्रार अजून ताजी आहे.
पोराच्या मागे भिंतीवरून एक मांजर उडी मारतं.
त्याला कुणी बोलावलं नव्हतं.
कथेत त्याचं काही काम नाही.
तरी गेगा नावाचा तो उंच मुलगा
तीनदा आलाय, म्हणे मांजरासाठी.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी
नेमकं तिथेच रीळ तुटलं.
पडदा पांढराफटक.
बोटं गार पडलेली, कात्री सापडेना,
खाली आता खुर्च्या वाजतील, दार वाजेल
म्हणून मी कान देऊन होते.
कुणी खोकलं. कुणी तरी सूर्यफुलाच्या बिया फोडत होतं.
बस्स.
वीस मिनिटं ती पोरं
पांढऱ्या पडद्यासमोर बसून राहिली.

फाटलेल्या दोन चौकटी कापाव्या लागल्या.
सेकंदाचा बारावा हिस्सा.
कुणाच्या लक्षात येणार नाही इतका.
ओतियाच्या आला असेल,
पण तो काही बोलला नाही.

खेळ संपल्यावर तो बाल्कनीतून उतरू लागला.
काठी, मग डावा पाय, मग उजवा, मग श्वास.
खाली पोरं दाराशी उभी होती,
गाडी चुकेल म्हणून रोज पळत सुटणारी.
बाहेर पाऊस-बर्फाचा चिखल.
मधल्या वळणावर तो थांबला, कठड्याला धरून.
पोरंही थांबली.
तेकलाचे ओठ हलत होते.
मोजत असावी.

मी त्या दोन चौकटी त्याच्या तळहातावर ठेवल्या.
त्याने चष्मा वर करून दिव्यासमोर धरल्या.
"यात मी नाहीच," म्हणाला, "नुसता खांदा."
मग बराच वेळ बघत राहिला.
"मांजर हवेतच आहे गं.
अजून टेकलेलं नाही."
पाकिटात जपून ठेवल्या,
आणि पोरांच्या घोळक्यात शिरता शिरता
पुन्हा टरबुजाच्या पैशांचं काढलं.